उभी गाडी आणि गंजलेले ब्रेक



पावसाळा सरला की कोकणातल्या आपल्या गावांत एक लगबग ठरलेली असते. कुवेत, दुबई, दोहा, मस्कतला नोकरी करणारे सुट्टीवर यायच्या बेतात असतात. घर झाडले जाते, पाण्याची टाकी धुतली जाते आणि पडवीलगतच्या शेडमध्ये चार-सहा महिने उभ्या असलेल्या गाडीवरचे कव्हर काढले जाते. बॅटरी उतरलेली असते, ती चार्ज करून आणतात. टायरांत हवा भरतात. किल्ली फिरवल्यावर इंजिनाने आवाज दिला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. गाडी सुरू झाली म्हणजे गाडी ठीक आहे, असे आपण धरून चालतो.

पण सुरू न होणारी गाडी फार तर जागेवर उभी राहील. वेळेवर न थांबणारी गाडी काय करील, ते सांगायला नको. लग्नाच्या वऱ्हाडाला, विमानतळावर कुणाला आणायला किंवा रात्री-अपरात्री दवाखान्यात धावायला हीच गाडी बाहेर निघते आणि तेव्हा ती मुलाबाळांनी भरलेली असते. म्हणून या महिन्याच्या सदरात आम्ही एकच विषय घेतला आहे: उभ्या गाडीच्या ब्रेकवर चढणारा गंज. तो केव्हा निरुपद्रवी असतो, केव्हा घातक असतो आणि मुळात तो चढू नये म्हणून घरच्यांनी काय करावे, हे पाहू.

ब्रेकलाच गंज का लागतो?

कुरआनात लोखंडाच्या नावाने एक सूरह आहे, अल-हदीद. लोखंडाची ताकद आणि माणसाला होणारा त्याचा फायदा, या दोन्हींचा उल्लेख तिच्यात आहे. ही ताकद ओल आणि खारी हवा मिळून कशी पोखरतात, हे मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळकडच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. खिडकीचे गज, दाराची कडी, विहिरीवरचा पंप, सगळीकडे तो ते पाहतो. रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्यात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते आणि मिठाने गंजाचा वेग वाढतो.

गाडीच्या अंगावर रंग असतो, त्यामुळे पत्रा बराच काळ तग धरतो. ब्रेकचे तसे नाही. पुढच्या चाकाच्या फटींतून आत पाहिले तर ताटलीसारखी एक चकचकीत चकती दिसते. ती डिस्क. ती बिडाची असते. आपण ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात आणि त्या घर्षणाने गाडी थांबते. जिथे घर्षण हवे तिथे रंग लावता येत नाही आणि तेलही लावता येत नाही. म्हणून डिस्कचे तोंड कायम उघडेच असते. बऱ्याच लहान गाड्यांत मागच्या चाकांना डिस्क नसते, तिथे ड्रम असतो. त्याच्या आत ब्रेक शू असतात, ज्यांना आपले मेकॅनिक लायनर म्हणतात. ड्रम झाकलेला असतो खरा, पण ओल आत शिरते आणि शिरली की लवकर बाहेर पडत नाही.

रोज चालणारी गाडी आपले ब्रेक आपणच घासून स्वच्छ ठेवते. आज चढलेला गंज उद्याच्या पहिल्या चार ब्रेकमध्ये निघून जातो. उभ्या गाडीला हे घासणे मिळत नाही. आजच्या थरावर उद्याचा थर चढत राहतो. गाडी न वापरता जपून ठेवली असे आपण म्हणतो, पण ब्रेकच्या बाबतीत न वापरणे म्हणजेच बिघडवणे.

साधा गंज आणि घातक गंज

गाडी रात्रभर पावसात राहिली किंवा धुऊन ठेवली तर सकाळी डिस्कवर नारिंगी रंगाचा पातळ थर दिसतो. याला घाबरू नये. पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर ऐकू येते, मग डिस्क पुन्हा चकचकीत होते. आठवडा-दोन आठवडे उभ्या गाडीचेही बहुधा असेच असते.

महिनोन्‌महिने उभ्या गाडीची गोष्ट निराळी. गंजाचे पापुद्रे धरतात आणि त्याखाली डिस्कला बारीक खड्डे पडतात. पॅड जिथे टेकून राहिलेले असतात तिथे ओल अडकते आणि पॅडच्या आकाराचा डाग उमटतो. पुढे गाडी चालवताना तो डाग पॅडखाली आला की दर फेऱ्याला पेडल पायाखाली थडथडते. पॅडच्या पाठीला पोलादी पट्टी असते, तिच्यावर गंज चढला की घासणारा थर पट्टीपासून सुटू लागतो. पॅडना दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्या पिना ग्रीस वाळल्याने अडकतात. मग एका चाकाचा ब्रेक लागतो आणि दुसऱ्याचा अर्धवट लागतो. किंवा लागलेला ब्रेक सुटतच नाही आणि चाक तापत राहते. मागच्या ड्रममध्ये, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर, शू ड्रमला चिकटून बसतात.

यातले काही बाहेरून दिसत नाही. म्हणून बराच काळ उभी असलेली गाडी थेट रस्त्यावर काढू नये. आधी तिची परीक्षा घ्यावी. ही परीक्षा अर्ध्या तासाची असते आणि गाडी चालवता येणारे कुणीही ती घेऊ शकते.

गाडी बाहेर काढताना

पहिली पायरी अंगणातच. बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत पाहा. तेल किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये हवे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि खाली जमिनीवर तेलाचे ओले डाग आहेत का, ते टॉर्च मारून पाहा. मग इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबा. ते घट्ट झाले पाहिजे. घट्ट झाल्यावर मिनिटभर दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर गाडी हलवूच नका. तेल कुठेतरी गळते आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब झाला आहे. पेडल दाबलेलेच ठेवून इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली गेले, तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर काम करतो आहे असे समजावे. शेड बंदिस्त असेल तर इंजिन आत चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. दार सताड उघडा, मुलांना लांब ठेवा.

दुसरी पायरी गाडी हलवण्याची. हँडब्रेक पूर्ण सोडा, पहिला गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. चाके अडली तर थोडे पुढे, थोडे मागे असे हलक्याने करून पाहा. पुष्कळदा 'टक्' असा आवाज होऊन शू सुटतात. दोन-तीन प्रयत्नांत सुटले नाहीत तर ॲक्सिलरेटर दाबून जबरदस्ती करू नका आणि ट्रॅक्टरला दोर बांधून ओढूही नका. मेकॅनिकला घरी बोलवा. चाक काढून ड्रम बेताने ठोकून सोडवणे त्याच्या सवयीचे असते. ओढाओढीत लायनरच उखडून आत अडकला तर ते काम वाढते.

तिसरी पायरी सपाट, मोकळ्या जागी. माणसाच्या चालीने गाडी चालवा आणि ब्रेक दाबा. गाडी थांबते, एका बाजूला ओढत नाही, हँडब्रेकही धरतो, एवढी खात्री झाल्यावरच पुढे जा. मग मागे-पुढे वाहन नाही असा सरळ रस्ता पाहून ताशी तीस-चाळीसच्या वेगाने जा आणि मध्यम जोराने ब्रेक दाबून वेग कमी करा. पूर्ण थांबायची गरज नाही. थोडे अंतर चालवून, ब्रेक निवू देऊन, पुन्हा तसेच करा. असे आठ-दहा वेळा. या फेरीत गाडीत मुले नकोत, म्हातारी माणसे नकोत, सामानही नको.

परत आल्यावर उतरून चारही चाकांजवळ उलटा हात धरा, टेकवू नका. पुढची दोन्ही चाके सारखी तापलेली असावीत. एकच चाक फार गरम असेल किंवा जळका वास येत असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही. खरखर अजून थांबली नसेल, पेडल थडथडत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा पेटून राहत असेल, तर पुढचा प्रवास गॅरेजपर्यंतच, तोही सावकाश. पेडल मऊ लागत असेल किंवा खाली जात असेल तर तेवढाही नाही. मेकॅनिकलाच घरी आणा.

काय करू नये

डिस्कचा गंज काढायला तिच्यावर डिझेल, रॉकेल, खोबरेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नये. कडी-कोयंड्याला जे चालते ते ब्रेकला चालत नाही. तेल लागलेली डिस्क दिसते छान, पण पॅड तिच्यावरून घसरतात. पॅड तेल पितो आणि मग तो पुसून साफ होत नाही, बदलावाच लागतो. ब्रेकसाठी वेगळा ब्रेक क्लीनर मिळतो, जो उडून जातो आणि मागे तेलकटपणा ठेवत नाही. वापरायचाच तर तोच वापरावा. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ फुंकर मारून उडवू नये, ती छातीत जाते.

डिस्कवर खड्डे पडले असतील तर मेकॅनिक दोन उपाय सांगतो: लेथवर तोंड घासून घेणे किंवा नवी डिस्क बसवणे. प्रत्येक डिस्कला किमान जाडी ठरलेली असते आणि बहुधा ती डिस्कवरच कोरलेली असते. घासून झाल्यावर जाडी त्याच्या वर उरत असेल तरच घासण्यात अर्थ आहे. पॅडचा घासणारा थर तीन मिलिमीटरवर आला असेल तर पॅड बदलून घ्यावे. डिस्क असो वा पॅड, डाव्या आणि उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे. एका बाजूचेच बदलून पैसे वाचवले तर ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढू शकते. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना ब्रेकचेच खास ग्रीस लावायला सांगावे. हे काम थोड्या खर्चाचे असते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

न दिसणारा दोष

गंजापेक्षाही फसवी गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. हे तेल हवेतली ओल शोषून घेते, गाडी चालो वा उभी राहो. आपल्या गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे तेल असते. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. तीन-साडेतीन टक्के पाणी मुरले की तो १४० च्या आसपास येऊ शकतो. डॉट ४ चे तसेच २३० वरून १५५. सपाटीवर हा फरक जाणवत नाही. पण कराडहून कुंभार्ली घाट उतरताना किंवा कोल्हापूरहून आंबा घाट उतरताना, गाडी माणसांनी भरलेली आणि पाय सतत ब्रेकवर, अशा वेळी ब्रेक भयंकर तापतात. तेलातल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेलासारखा जोर पुढे पोचवत नाही आणि पेडल तळाला जाते. ओल मुरलेल्या तेलाने नळ्या आणि सिलिंडर आतूनही गंजतात. म्हणून गाडी किती किलोमीटर चालली हे न पाहता दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्यावे. आणि घाट ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळावा.

काचेवर 'माशाअल्लाह' लिहिलेले असते, सफरची दुआ पढूनच आपण गाडी काढतो. काढावीच. पण उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, ही आपल्या प्यारे नबींची (स.अ.स.) शिकवण प्रत्येक घरात माहीत आहे. गाडीच्या बाबतीत उंट बांधणे ते हेच.

गाडी ठेवताना

हा सारा खटाटोप टाळायचा तर काळजी गाडी ठेवतानाच घ्यावी. लांबच्या सफरीवरून आलेली गाडी चिखल-मिठासकट तशीच झाकून ठेवू नये. ती धुवावी, धुतल्यावर दोन-तीन किलोमीटर चालवून हलके ब्रेक दाबून डिस्क कोरडी करावी आणि मगच उभी करावी. जागा सपाट आणि कोरडी हवी. गवतावर किंवा ओल्या मातीवर उभी केली तर खालून ओल येत राहते. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नये, आतली ओल आतच कोंडते. हवा खेळेल असे कव्हर घालावे.

सपाट जागी बराच काळ गाडी ठेवायची तर हँडब्रेक ओढू नये. पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, ऑटोमॅटिक असेल तर पी वर, आणि चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. स्टिअरिंगला चिठ्ठी बांधावी: 'हँडब्रेक ओढलेला नाही, ठोकळे लावले आहेत.' घरातल्या मुलांना गाडीत खेळू देऊ नये.

आणि मुख्य म्हणजे आठवड्याने, निदान पंधरवड्याने गाडी चालवावी. शेडमध्ये दहा मिनिटे इंजिन घुरघुरवून बंद केले तर ब्रेकला त्याचा काही फायदा नाही. आठ-दहा किलोमीटर रस्त्यावर न्यावी आणि ब्रेक दाबले जावेत.

अमानत म्हणजे काय?

इथे यंत्राचा प्रश्न संपतो आणि घरचा सुरू होतो. गाडी चालवायची कोणी? बहुतेक घरांत किल्ली कपाटात असते. "भाईजानची गाडी आहे, हात लावू नका," असे धाकट्याला सांगितलेले असते. वालिदसाहेबांकडे लायसन्स असते, पण मुलाने कष्टाच्या कमाईतून घेतलेली गाडी आपल्या हातून घासली तर, या धास्तीने ते तिच्याकडे फिरकत नाहीत. सून शिकलेली, लायसन्सवाली असते, पण नवरा इथे नसताना तिने गाडी काढली तर लोक काय म्हणतील, हे आधी पाहिले जाते. सगळे जण अदब पाळतात आणि त्या अदबीत गाडी गंजते. मग एखाद्या रात्री दादीच्या छातीत दुखू लागते, तेव्हा दारात गाडी असून शेजाऱ्याच्या रिक्षाची वाट पाहावी लागते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, तीच न तपासलेली गाडी घाईघाईने बाहेर काढली जाते.

अमानत राखणे म्हणजे वस्तूला कुलूप घालणे नव्हे. ज्या कामासाठी ती आहे त्या कामाला ती लायक राहील असे पाहणे, ही अमानतदारी. आणि यात पहिली जबाबदारी जाणाऱ्याची आहे. त्याने किल्लीबरोबर इजाजतही ठेवून जावी, ती सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत. गाडी कोण चालवील, पेट्रोलचे पैसे कुठले, मेकॅनिक कोणता, विमा आणि पीयूसीची मुदत कधी संपते, हे कागदावर लिहून द्यावे. एखादा ओरखडा पडला तर बोल लावणार नाही, हेही तोंडाने सांगावे. या एका वाक्याने वालिदसाहेबांची धास्ती निम्मी होते.

मागे राहणाऱ्यांनीही गाडी चालवायला निमित्त शोधावे. आठवड्याचा बाजार आहे, खालाकडे जाऊन येणे आहे. मोहल्ल्यात गुडघ्यांनी थकलेले दोन बुजुर्ग असतात, ज्यांना जुम्याला जामा मशिदीपर्यंत चालवत नाही. त्यांना नेऊन आणले तर त्यांची नमाज जमातीने होते, नेणाऱ्याला सवाब मिळतो आणि डिस्कही चकचकीत राहते. सूनबाई लायसन्सवाली असेल तर हे काम तिच्याकडे द्यायला कचरू नये. दवाखान्याची वेळ आली तर घरात गाडी चालवणारे एकच माणूस असणे पुरे नाही.

सुट्टीवर येणाऱ्या वाचकांना आमची विनंती एवढीच की घरच्यांना फोन करून "गाडी चालू करून ठेवा" असे सांगता, तेव्हा "ब्रेक पाहून घ्या" हेही सांगा. आणि परत जाताना किल्ली कपाटात नको, घरच्यांच्या हातात द्या. अल्लाह सर्वांचा सफर सलामतीचा करो.